खंडेनवमीला हललेले माप

मित्रांनो, मी एक जुनी डाय आहे आणि आता दमले आहे. डाय म्हणजे आतून साच्यासारखा कोरलेला, बोटभर लांबीचा पोलादी तुकडा. गेली एकोणीस वर्षे मी केडगावजवळच्या एका रायफल क्लबच्या कुलूपबंद खोलीत, हाताने ओढायच्या प्रेसमध्ये उभी आहे.

रायफल झाडली की गोळी पुढे जाते आणि काडतुसाची पितळी पुंगळी मागे राहते. दाबामुळे ती फुगलेली असते. आमच्या परवानाधारक क्लबात ती फेकून देत नाहीत. ती खालून माझ्या पोटात रेटतात, मी तिला आवळून मापात आणते, आणि मग ती सरावासाठी पुन्हा भरली जाते. हँडल खाली, हँडल वर. अशा हजारो पुंगळ्या माझ्यातून गेल्या.

मला प्रेसमध्ये किती खोल फिरवायचे, यावर सारे असते. पुंगळीला बाटलीसारखा खांदा असतो. मी कमी खोल असले तर ती रायफलीत शिरत नाही. जास्त खोल असले तर खांदा अती दबतो, पुंगळी आत ढिली बसते आणि प्रत्येक बारासोबत बुडाजवळ ताणली जाऊन पातळ होत जाते. हे बाहेरून दिसत नाही.

आमचे प्रशिक्षक कृपादान सर पूर्वी लष्करात शस्त्रदुरुस्तीवर होते. क्लबच्या रायफलीसाठी मला बसवायला त्यांनी तीन दिवस घेतले. थोडे फिरवायचे, एक पुंगळी दाबायची, ती रायफलीत घालून बोल्ट, म्हणजे रायफल मागून बंद करणारा दांडा, लावून पाहायचा. बोल्टने बोटाला किंचित विरोध केला तेव्हा ते थांबले. माझ्या गळ्यातली, माप धरून ठेवणारी रिंग त्यांनी आवळली आणि सगळ्यांना बजावले, "हिला हात लावायचा नाही."

गेल्या दसऱ्याच्या सुमारास सर दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनांसाठी सहा महिन्यांच्या रजेवर गेले होते. खंडेनवमीला खोलीतली सगळी अवजारे पूजेला मांडायची, ही इथली रीत. खोलीची देखभाल तिसगावचे रंगनाथकाका करतात. त्यांनी पाना घेऊन माझी रिंग सोडली.

"काका, सर रागावतील," निकिता म्हणाली. ती काष्टी गावची, आमच्या क्लबची सर्वांत नेमकी नेमबाज.

"सर हायेत का हितं? रिंगखाली गंज धरलाय बघ. देवीपुढं अशी कळकट ठिवू व्हय हिला?"

"परत तशीच बसवाल ना?"

"चाळीस वर्सं मोटारी खोलल्यात, पोरी. आता नट आवळायला तुज्याकडं शिकवणी लावतो."

निकिता हसली आणि झेंडूची माळ ओवायला बसली. काकांनी मला घासूनपुसून लख्ख केले, हळदकुंकू लावले. इतकी देखणी मी कधीच नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला परत बसवले आणि नट आवळावा तशी, थेट शेवटपर्यंत फिरवली.

मला बोलता येत नाही. जितके खोल बसवाल तितके मी दाबते. चार महिने मी निकिताच्या सरावाच्या त्याच साठ पुंगळ्यांचे खांदे पुन्हा पुन्हा अती दाबत राहिले.

"बोल्ट आता लोण्यासारखा लागतो," निकिता म्हणायची.

"देवी पावली म्हन की," काका म्हणायचे.

राज्य निवड चाचणीला नऊ दिवस उरले असताना सरावात एक पुंगळी फुटली. धूर निकिताच्या तोंडावर आला. चष्म्याने डोळे वाचले. बोल्ट ओढला तर पुंगळीचे फक्त बूड बाहेर आले, उरलेली आतच अडकली.

निरोप मिळताच कृपादान सर आले. त्यांनी टोक वाकवलेली तार एकेका पुंगळीत घालून आतली भिंत चाचपली. अडतीस पुंगळ्यांत बुडाजवळ, पितळ पातळ झालेल्या जागी, तारेला खाच लागली.

"रिंग कुणी सोडली होती?"

"म्या," काका म्हणाले. "नवमीला."

"मी तिथंच होते, सर," निकिता म्हणाली. "आधीचं माप कुठं लिहिलंय?"

सरांनी तार खाली ठेवली. "कुठंच नाही. माझ्या हातात होतं. ती चूक माझी."

खाच न लागलेल्या एकवीस पुंगळ्या उरल्या. चाचणीला वीसच लागत होत्या, आणि नव्या यायला दोन महिने तरी जाणार होते.

"या चांगल्या आहेत का, सर?"

"तारेला काही लागत नाही. पण त्याही हिच्यातूनच गेल्यात, निकिता. खात्री मी देणार नाही."

"सर न्हाई म्हनत न्हाईत," काका हळूच म्हणाले. "तुजं वर्स जाईल, पोरी."

निकिताने ऐरणीवर पहिली पुंगळी आडवी ठेवली आणि हातोडीने चपटी केली. मग हात पुढे केला. काकांनी दुसरी दिली. एकवीस वेळा त्यांनी पुंगळी दिली, एकवीस वेळा हातोडी पडली.

मित्रांनो, माझ्यासारख्या मुक्या वस्तूंना पुसा, तेल द्या, वाटले तर फुलेही वाहा. फक्त पाना लावण्याआधी, आम्ही कुठे थांबलो होतो ते कागदावर लिहून ठेवा. चाचणीच्या रविवारी निकिता घरीच होती.