परभणीचा पहिला पेला

मुकुंदवाडीतल्या एका दोन खोल्यांच्या घरात, टीव्हीच्या शेजारी, खिळ्याला एक राखाडी, ताठ पिशवी टांगलेली आहे. पाहुण्यांना ती कसली पिशवी आहे ते पटकन कळत नाही. ती मी. मित्रांनो, मी एक जुनी छागल आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी छागल पाहिलेली नसेल, म्हणून आधी ओळख करून देते. छागल म्हणजे तंबूच्या जाड सुती कापडाची, पाणी ठेवायची पिशवी. तोंडाला लाकडी बूच आणि वर टांगायला दोरी. माझ्यात चार लिटर पाणी मावतं. माझ्या कापडातून पाणी सतत थोडं थोडं झिरपतं. बाहेर आलेला ओलावा वाऱ्यावर उडून जातो आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातो. हिशेब साधा आहे: एक चमचा पाणी उडालं की मोठा पेलाभर पाणी दहा अंशांनी गार होऊ शकतं. मात्र त्यासाठी वारा हवा. घरात खुंटीवर टांगली तर मी जेमतेम काम करते. माझी खरी जागा म्हणजे धावत्या गाडीची खिडकी.

तीस वर्षांपूर्वी छावणीत ताडपत्र्या शिवणाऱ्या अप्पारावांनी मला शिवलं. मला विकत घेणारा माणूस म्हणजे कडुबा. तो एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. काचेची भांडी धुणं, तराजू पुसणं, मुलांनी फोडलेल्या परीक्षानळ्यांची यादी करणं, ही त्याची कामं. पहिल्याच दिवशी त्याने मला भरलं आणि मी इतकी गळले की त्याचे पाय भिजले. तो तावातावाने मला परत घेऊन गेला. अप्पाराव हसले आणि म्हणाले, "नवी हाय ती. रातभर पाण्यात बुडवून ठेव. सूत फुगलं की आपोआप शहाणी व्हती."

तसंच झालं. दुसऱ्या दिवसापासून मी गळले नाही, फक्त पाझरले. या दोन गोष्टींत फार फरक आहे, मित्रांनो. माझी सगळी कहाणी त्या फरकातच आहे.

कडुबा आणि त्याची बायको गीताबाई दरवर्षी दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवसासाठी, रात्रीच्या गाडीने नागपूरला जात. शयनयानाचा डबा, खिडकीची बाजू आणि खिडकीच्या गजाला बाहेरून बांधलेली मी. गाडी सुटली की गीताबाई ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढायची. पण पाण्याला कुणी हात लावायचा नाही, हा तिचा नियम होता. परभणीपर्यंत तीन-साडेतीन तास लागतात आणि तेवढा वेळ मला द्यायचाच. "परभणी आली की पहिला पेला," असं ती सांगायची आणि शेजारचे प्रवासीही तो नियम निमूट पाळायचे.

एका वर्षी कडुबाने प्रयोगशाळेतल्या सरांना विचारून थर्मामीटर बरोबर आणला. परभणीला त्याने आधी हवा मोजली, मग पाणी. बाहेर एकतीस, आत तेवीस. तो आकडा त्याने तिकिटाच्या मागे लिहून ठेवला आणि पुढे कितीतरी वर्षं भेटेल त्याला सांगितला.

रात्रीच्या लांबच्या गाडीचं सुख काय असतं ते मी खिडकीबाहेरून पाहिलं आहे. दिवे मालवले की डबा एका मोठ्या घरासारखा होतो. कुणाचा पाय कुणाच्या उशाशी येतो. अनोळखी बाई दुसरीच्या बाळाच्या अंगावर चादर सारते. नदी दिसत नाही, पण पुलावर चाकांचा आवाज पोकळ होतो आणि झोपेतला माणूससुद्धा कूस बदलतो. कडुबाला तो आवाज पाठ होता. डोळे मिटूनच तो म्हणायचा, "पूर्णा आली." आणि रात्रभर कुणी ना कुणी उठून माझं बूच काढायचं. कुणाची छागल, हे कुणी विचारत नसे.

विचारलं एकदाच. त्या वर्षी पिशोरचे काकासाहेब नावाचे मोठे बागायतदार समोरच्या बर्थवर होते. ते वर्ध्याला मुलीकडे निघाले होते. रात्री त्यांनी माझं दोन पेले पाणी प्यायलं आणि असं पाणी आपल्या विहिरीलाही नाही, असं सगळ्या डब्याला सांगितलं. सकाळी कडुबाने पिशवीतून पांढरा सदरा आणि निळा झेंडा काढला. काकासाहेबांनी झेंड्याकडे पाहिलं, मग कुठले, कोणाचे, ते विचारलं. कडुबाने सरळ सांगितलं आणि पेला पुढे केला. ते म्हणाले, तहान नाही. ऊन चढत होतं. वर्धा येईपर्यंत दोन तास त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती. कडुबा पुढे हा प्रसंग हसत सांगायचा. "रात्री गार लागलेलं पाणी सकाळी कडू झालं व्हय?" पण त्या दिवशी तो हसला नव्हता. खिडकीतून हात बाहेर काढून त्याने माझ्या ओल्या कापडावर तळवा टेकवला होता आणि बराच वेळ तसाच ठेवला होता.

माझी निगा गीताबाई राखायची. परत आल्यावर मला उलटं करून सावलीत वाळवायची, कधी घडी घालायची नाही, निघायच्या आदल्या रात्री बादलीत बुडवून ठेवायची. ती गेली आणि ते सगळं थांबलं. कडुबाने नागपूरला जाणं सोडलं. मला कुणीतरी घडी घालून माळ्यावर टाकलं. नऊ उन्हाळे मी पत्र्याखाली काढले. सूत कोरडं पडलं आणि घडीच्या रेषेवर तुटायला लागलं.

मग कडुबाच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा त्याला यंत्रावर झोपवून रक्त स्वच्छ करावं लागे. डॉक्टरांनी दिवसाला तीन पेले पाणी ठरवून दिलं, त्यात चहाही आला. आयुष्यभर डब्याला पाणी पाजलेला माणूस आता ओल्या फडक्याने ओठ पुसायचा. बरं होण्याची आशा नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्याची नात करुणा पुण्याला भौतिकशास्त्र शिकत होती. एका रात्री फोनवर तो तिला म्हणाला, "मला यंदा गाडीनं जायचंय. नागपूर नाय दिसलं तरी चालंल. परभणीला छागलीतला एक पेला गार पाणी पाहिजे. बास."

यंत्रावर जायच्या दोन दिवसांच्या मधल्या सुट्टीत दसरा येत होता. डॉक्टर आधी नाही म्हणाले, नंतर त्यांनी वाटेत लागतील त्या गोळ्या लिहून दिल्या. कडुबाच्या मुलाने, अभयने, तिकिटं काढली. त्याला वातानुकूलित डबा हवा होता, पण तिथली खिडकी उघडत नाही, म्हणून कडुबाने शयनयानच घ्यायला लावलं. मग अभयने मला माळ्यावरून काढलं आणि मोरीत भरून पाहिलं. मी घडीच्या रेषेवरून धारेने गळले.

अभय गच्च्यांना गळतीबंद लेप लावण्याचं काम करतो. शहरातल्या कितीतरी घरांच्या स्लॅबचं पाणी त्याने थांबवलं आहे. गळणारी वस्तू पाहिली की त्याचे हात शिवशिवतात. त्याने मला उन्हात वाळवलं, ब्रश घेतला आणि गच्चीला लावायचा तो राखाडी लेप मला बाहेरून लावला. एक हात दिला, रात्रभर सुकवला, मग दुसरा हात दिला. इतक्या मायेने मला गीताबाईनंतर कुणीच हाताळलं नव्हतं. शिवणीच्या कोपऱ्यात ब्रश जाईना, तेव्हा त्याने बोटाने लेप भरला. मला ओरडून सांगायचं होतं, की अरे, गळती थांबव, पाझर थांबवू नकोस. पण छागलीला तोंड असतं ते फक्त बूच लावण्यापुरतं.

दुसऱ्या हातानंतर माझा श्वास बंद झाला.

करुणा पुण्याहून थेट स्टेशनवर आली. गाडीला गर्दी होती. घरावरच्या काळ्या टाकीतलं उन्हात तापलेलं पाणी माझ्यात भरलेलं होतं. अभयने मला गजाला बाहेरून बांधलं आणि कडुबाला खिडकीशी बसवलं. समोरच्या बर्थवर रूपाली नावाची नर्सिंग शिकणारी मुलगी होती. तिच्या हातात बाटली होती, सगळ्यांच्याच होत्या. तिने कुतूहलाने विचारलं, "काका, ही कापडाची पिशवी लीक नाही होत?"

"एक थेंब पडणार नाय," अभय म्हणाला. "दोन हात दिलेत. दहा वर्षं गॅरंटी."

कडुबा हसला. "माझी किती वर्षं गॅरंटी, ते बी लिहून दे."

त्याने दिवसभरात दोनच पेले घेतले होते. तिसरा राखून ठेवला होता. गाडी सुटल्यावर त्याला जणू जुनी शक्ती आली. त्याने रूपालीला थर्मामीटरची गोष्ट सांगितली, काकासाहेबांची सांगितली, जालना आलं तेव्हा तिथला चहा एके काळी कसा मिळायचा ते सांगितलं. चहा मात्र घेतला नाही. दिवे मालवल्यावर तो डोळे मिटून बसून राहिला. चाकांच्या तालावर त्याची मान हलत होती आणि डावा हात, सुया टोचून फुगलेला, मांडीवर पडला होता. अभयने दोनदा विचारलं, आबा, पाणी देऊ का. दोन्ही वेळा तो म्हणाला, "परभणी येऊ दे."

परभणी आली. अभयने मला आत ओढून घेतलं. घरून आणलेला स्टीलचा पेला काढला, गीताबाईचाच, आणि काठोकाठ भरला. मला धरायला करुणाने हात पुढे केला. तिची बोटं माझ्या अंगावर टेकली आणि तिथंच थांबली. मी कोरडी होते. साडेतीन तास वाऱ्यात लोंबकळून मी पूर्ण कोरडी होते. तिने खालून, वरून, शिवणीवरून हात फिरवला. तिला सगळं कळलं. तिने तोंड उघडलं.

कडुबाचा पहिला घोट तोपर्यंत घेऊन झाला होता. पाणी कोमट होतं आणि त्याला लेपाचा वास होता. त्याच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. त्याने उजव्या हातातला पेला तसाच धरला आणि दुखऱ्या डाव्या हाताने करुणाचं मनगट दाबलं. तिने तोंड मिटलं आणि माझं बूच लावलं.

अभय विचारत होता, "आबा, गार हाय का?"

"व्हय," कडुबा म्हणाला. "लई गार हाय."

"आई द्यायची तसं?"

"तसंच."

अभयने तोंड खिडकीकडे वळवलं आणि बाहीने डोळे पुसले. कडुबाने तो सगळा पेला हळूहळू संपवला. एक थेंब ठेवला नाही, कारण ठेवला असता तर मुलाने का म्हणून विचारलं असतं. त्या दिवसाचं त्याचं पाणी संपलं.

पुढे पूल आला. आवाज पोकळ झाला. अभय झोपला होता. कडुबा जागा होता, पण काही बोलला नाही, म्हणून करुणानेच हळू आवाजात म्हटलं, "आबा, पूर्णा आली." त्याने नुसती मान हलवली. रात्रभर त्याची जीभ ओठांवरून फिरताना मी पाहत होते. माझ्यात साडेतीन लिटरांहून जास्त पाणी होतं. डब्यातल्या कुणीही माझं बूच काढलं नाही.

नागपूरला गर्दीमुळे दीक्षाभूमी त्याने दुरूनच पाहिली आणि तो पदपथाच्या कडेला बसून राहिला. उरलेलं पाणी अभयने संध्याकाळी नाल्यात ओतलं. त्याच रात्री ते परत निघाले. कडुबा पुढे तीन महिने होता. मग एका सकाळी यंत्रावरून परत आणताना गेला.

करुणाने नंतर माझ्यावर खूप प्रयत्न केले. टर्पेंटाइन लावून पाहिलं, गरम पाण्यात बुडवलं, अभय कामावर असताना नखाने लेप खरवडला. लेपाचा एक पापुद्रा निघाला आणि त्याच्याबरोबर सूतही निघून आलं. तिथे आता बोटाएवढं भोक आहे. लेप सुतात मुरला आहे, तो निघायचा नाही. तिने मला मांडीवर घेतलं आणि त्या भोकात बोट घालून पाहिलं. मग उठून मला परत खिळ्याला टांगलं, भोक भिंतीच्या बाजूला करून.

तेव्हापासून मी इथं आहे. आता मी पाणी गार करू शकत नाही, की धरूही शकत नाही. छागली शिवणारे अप्पाराव राहिले नाहीत आणि गजाला छागल बांधणारा प्रवासीही मला पुन्हा दिसायचा नाही.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. घरातली जुनी वस्तू दुरुस्त करायला घेतली, तर आधी तिला हात लावून पाहा. ती कशी काम करते, ते तिला वापरलेल्या माणसाला विचारा, तो माणूस आहे तोवर विचारा. नुसत्या मायेने ते कळत नाही.

आणि दुसरं एक. अभय कधी तुम्हाला भेटला, तर तो मला खिळ्यावरून काढून दाखवील. परभणीला आबांना आईच्या हातासारखं गार पाणी आपण पाजलं, हे सांगताना त्याचा आवाज आजही भरून येतो. त्याच्याजवळ आबांचं तेवढंच उरलं आहे. तेव्हा मी इथं जे सांगितलं, ते त्याला सांगू नका. मला हातात घ्या, मागची बाजू पाहू नका आणि म्हणा, व्हय, लई गार असणार.