बाहुलीची उशी

दारू सोडली त्या वर्षी सोफे शिवणाऱ्या बाबांचा थाट काही विचारू नका. गिऱ्हाइकाने चहा विचारला तरी "मी आता घेत नाही हं" असं ऐकवायचे, आणि मग चहा पिऊन यायचे. बायको कौतुकाने बघायची, मित्र पाठ थोपटायचे. पुढे कौतुक आटलं. नंतरची काही वर्षं दारूचं दुकान दिसलं की पाय आपसूक पलीकडच्या फुटपाथवर वळायचे. हल्ली तर ते त्याच दुकानासमोरून भाजीची पिशवी हलवत जात आणि घरी आल्यावर त्यांच्या ध्यानात येई. सुटलो एकदाचे, असं वाटायचं त्यांना.

पण एक गाठ सुटत नव्हती. लेक आपली तान्ही मुलगी कधी त्यांच्या एकट्याच्या भरवशावर ठेवत नसे. आजी वाण्याकडे निघाली की लेकही पोरीला उचलून तिच्यामागे. तोंडाने अवाक्षर नाही. बाबांना सगळं कळे, पण विचारायची छाती नव्हती.

म्हणून त्या सकाळी तिचा फोन आला तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. आई मावशीकडे गेलेली, सांभाळणारी बाई आजारी. "बाबा, दुपारपर्यंत ठेवाल हिला?"

"हे काय विचारणं झालं?" म्हणत त्यांनी घर झाडायला घेतलं. कात्र्या, वाकड्या सुया, खिळ्यांचे डबे सगळं फळीवर चढवलं. टेबलाखाली एखादी टाचणी राहिली असेल म्हणून वाकले, उठले, आणि खोली गरगर फिरली. कानाचं जुनं दुखणं, तेही आजच उपटायचं होतं! भिंत धरून त्यांनी कसंबसं दार उघडलं.

दारात लेक, कडेवर पोर. चौकट धरून झुलणाऱ्या बापाकडे ती बघतच राहिली.

"काही नाही गं, जरा चक्कर आली."

बोलले आणि त्यांनी जीभ चावली. तिच्या सगळ्या लहानपणी ते दारातून हेच सांगत आत आले होते. आज पहिल्यांदा ते खरं होतं.

लेकीने पोरीला खाली ठेवलं नाही. एका हाताने बाबांना पलंगावर आडवं केलं, खांद्याला रेटून कुशीवर वळवलं, गोधडीची वळकटी करून पाठीशी घट्ट खोचली, पायाने बादली जवळ ओढली. कुठे थांबणं नाही, आठवणं नाही. मग वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला.

"प्यायला नाहीत तुम्ही," ती हळूच म्हणाली. "चुकलं माझं. हात आपोआप चालले."

"हे तुला आईने शिकवलं?"

"आईला कधी कळलंच नाही. ती दमून झोपलेली असायची. उताणे पडून ओकलात तर घुसमटाल, असं शेजारच्या नर्सकाकूंनी सांगितलं होतं. मग मी ती लांब उशी शिवली ना, तुमच्या उरलेल्या कापडांची."

ती उशी बाबांना पक्की आठवत होती. टाके वेडेवाकडे, पण टणक भरलेली. पोरगी बापावर गेली म्हणून त्यांनी गिऱ्हाइकांपुढे ती मिरवली होती. "ती तर तुझ्या बाहुलीची होती."

"माझ्याकडे बाहुली कुठे होती, बाबा?"

दारू सोडल्याचा एवढा डांगोरा पिटला, आणि आपल्याला जिवंत कुणी ठेवलं याचा पत्ता नाही! लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पोरीला घेऊन जा," ते म्हणाले. "माझ्यापाशी नको ठेवूस."

"तुम्हाला असं टाकून कुठे जाऊ?" तिने ऑफिसात फोन करून रजा सांगितली आणि पोरीला मांडीवर घेऊन दाराजवळ भिंतीला टेकून फरशीवर बसली.

"अगं, खाली कशाला? खुर्ची घे की."

"इथेच सवय आहे मला," लेक म्हणाली. "इथून तुमचा श्वास ऐकू येतो."