सात टक्क्यांचा फरक

दूरच्या एका ग्रहाच्या हवेत गंधकाचा एक वायू आहे. तो अतिनील प्रकाश नेमका किती शोषतो, हे मोजायचं तिचं काम. तळघरातली खोली, लांब नळी, एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारं यंत्र. ताई फोनवर विचारायची, "आज कुणाशी बोललीस?"

"पंपाशी."

ताई हसायची, मग जेवलीस का ते विचारायची.

त्या वर्षी तिचा आकडा सरांच्या आकड्यापेक्षा सात टक्के जास्त आला. सरांनीच तिला हे काम शिकवलं होतं आणि तीस वर्षं सगळे त्यांचाच आकडा वापरत होते. तिने नळीच्या काचा पुसल्या, दाबमापक बदलला, दिवा बदलला. तीन आठवडे गेले, पण सात टक्के जागचे हलेनात. शेवटी तिने कपाटातली सरांची जुनी वही काढली. दिवसभराच्या नोंदी एकदाच भरलेल्या वायूवर घेतलेल्या होत्या. हा प्रकाश त्या वायूला हळूहळू मोडतो. दुपारपर्यंत नळीत तो कमीच उरत असणार. ती मात्र दर नोंदीला नळी रिकामी करून ताजा वायू भरायची. दर खेपेला चाळीस मिनिटं.

रविवारी ती आलेख घेऊन सरांकडे गेली. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. आलेख खिडकीपाशी नेऊन त्यांनी बराच वेळ पाहिला.

"तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "शंका मला तेव्हाही आली होती. पण वायू बदलत बसलो असतो तर सात वाजले असते. लेकीला पाचला पाळणाघरातून आणायचं असायचं. उशीर झाला की बूट घालून दारातच बसलेली असायची."

"कशी आहे ती?"

"मजेत असेल. कामात असते." त्यांनी आलेख परत दिला. "एवढा धीर कुठून आणलास?"

"धीर कसला, सर. मला पाचला कुठे जायचं नसतं."

सर उठले आणि त्यांनी चहा टाकला. साखर किती, हे विचारायचं राहिलं. तिनेही सांगितलं नाही.

तिचा शोधनिबंध हिवाळ्यात छापून आला. आधीच्या मोजणीत वायू बदलला नव्हता, एवढंच तिने त्यात लिहिलं. आठवड्याने सरांचा फोन आला.

"वाचलं. नीट लिहिलंयस. आता पुढचा वायू कोणता?"

तिने सांगितलं. त्यांनी तापमान विचारलं, दाब विचारला, मग नळीची लांबी, जी त्यांना पाठ होती. फोन ठेवायची घाई दोघांपैकी कुणालाच नव्हती.