धाकट्याचं उत्तर

आई वृद्धाश्रमात गेली तर थोरल्याला तिची खोली मिळणार होती: मोठी खिडकी, दिवसभर उजेड आणि नकाशांचं टेबल आडवं मावेल अशी भिंत. सुनेला दुपारची झोप मिळणार होती. धाकट्याने फक्त हो की नाही एवढंच कळवायचं होतं, आणि ते त्याने रेकॉर्ड करून मेलने पाठवलं होतं. फोनवर बोललं तर आईच्या कानावर जाईल, ही खबरदारी त्याचीच.

थोरला टेबलाखाली शिरून स्पीकरची पिन उपसून परत खोचत होता. वर पडद्यावर धाकट्याचा निरोप पुढे सरकत होता. आवाज मात्र नव्हता.

"फुकटची सिस्टिम घातलीत ना," सून म्हणाली. "आता भोगा."

"लिनक्सला नावं ठेवू नकोस. कुठेतरी म्यूट झालंय, एवढंच."

विकतची सिस्टिम नाकारून त्याने हौसेने लिनक्स घातली, तेव्हापासून कॉम्प्युटरचा प्रत्येक बिघाड या घरात त्याच्या स्वभावातला बिघाड म्हणून धरला जात असे.

"द्या इकडे, माझ्या फोनवर लावते."

"थांब गं. हे आधी सुटू दे."

त्याने कमांडची काळी खिडकी उघडून आवाजाचा मिक्सर चालू केला. एका उभ्या पट्टीखाली दोन एम दिसत होते, म्हणजे म्यूट. त्याने कळ दाबली, एम गेले. पट्टी लाल होईपर्यंत वर चढवली आणि निरोप पुन्हा लावला. काही नाही. आवाजाची सर्व्हिस बंद करून परत सुरू केली. निरोप पुन्हा लावला. स्पीकर मख्ख.

"दगडाला पाझर फुटेल एखादे वेळी," सून म्हणाली.

मग त्याने आवाजाच्या सेटिंगची खिडकी उघडली. तिथे हिरवी पट्टी नाचत होती. धाकट्याच्या शब्दाशब्दाला उसळत होती.

"निघतोय," थोरला खूश होऊन म्हणाला. "आवाज निघतोय बघ. फक्त जातोय कुठे ते..."

त्याने बाजूचा टॅब दाबला. स्पीकरची पट्टी आडवी पडली होती. तिच्याखाली दुसरं एक नाव होतं आणि त्याची पट्टी पार टोकापर्यंत भरली होती. ते आईच्या कानातल्या श्रवणयंत्रांचं नाव होतं.

ब्लूटूथची ही जोडणी त्यानेच केली होती. आई कॉम्प्युटरवर जुनी गाणी लावायची आणि याचं नकाशातलं लक्ष उडायचं, म्हणून गाणी परस्पर तिच्या कानात सोडली होती. तेव्हापासून तिने यंत्रं घातली की कॉम्प्युटर आपणहून आवाज तिकडे पाठवायचा. दुपारी मात्र ती यंत्रं काढून झोपत असे. आज झोपली नव्हती.

सुनेने पडद्यावरचं नाव वाचलं.

"बंद करा," ती कुजबुजली.

त्याने बंद केलं. तेवढ्यात आईच्या खोलीचं दार उघडलं.

"जरा हळू लावत जा रे," उजव्या कानाला हात लावत आई म्हणाली. "कान बधिर झाले. पहिल्यांदा वाटलं चुकून लागलं. पुन्हा पुन्हा वाजायला लागलं तेव्हा म्हटलं, मलाच ऐकवायचं असेल."

"आई, ते..."

"नको म्हणतोय धाकटा." तिने माठातून पाणी घेतलं. "आईला कुठेही पाठवायचं नाही, म्हणतो. तिची खोली तिलाच राहू दे. नीट समजावून सांगितलंय बिचाऱ्याने."

पाणी पिऊन तिने भांडं विसळून पालथं घातलं आणि ती आत गेली. दार या वेळी उघडंच राहिलं.

सुनेने खुर्ची आत सरकवली.

"मी म्हणतच होते, घाई नको," ती म्हणाली. "भाऊजी बरे म्हणायचे तुमच्यापेक्षा." आणि स्वयंपाकघरात गेली.

थोरल्याने आवाज स्पीकरकडे वळवला, अगदी तळाला आणला आणि स्पीकरला कान लावला.

"दादा, माझं हो आहे," धाकटा सांगत होता. "लांबवू नकोस, पुढच्या महिन्यातच नेऊन सोड. माझं नाव तेवढं मध्ये आणू नकोस. तुझाच निर्णय म्हणून सांग तिला."

थोरल्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग निरोप पुसला. कचऱ्याच्या डब्यात गेला होता, तिथूनही पुसला.

"लागला का आवाज?" आतून सुनेने विचारलं.

"लागला."

"काय म्हणतायत?"

त्याने पडद्यावरची खिडकी मिटली.

"आईने सांगितलं तेच."

रात्री जेवताना धाकट्याचा फोन आला. आईने तो सर्वांना ऐकू जाईल असा ताटाशेजारी ठेवला.

"तुझा निरोप ऐकला रे दुपारी," ती म्हणाली. "तू होतास म्हणून मी या घरात राहिले."

पलीकडे धाकटा खाकरला. सुनेची पळी हवेत थांबली.

"असं कसं जाऊ दिलं असतं गं तुला," धाकटा म्हणाला.

थोरल्याने ताटातून मान वर काढली नाही.

हिशोब असा मिटला: खोली आईकडे राहिली, चांगुलपणा धाकट्याच्या नावावर जमा झाला, सुनेला बाजू बदलायला काही पडलं नाही, आणि थोरल्याचे नकाशे जेवणाच्या टेबलावरच पसरत राहिले. बाकी जे देणं उरलं, ते आईच्या अंगावर पडलं. तिने फोनवर धाकट्याला तब्येतीला जप म्हणून सांगितलं, थोरल्याच्या ताटात न विचारता आणखी वाढलं, आणि दोघांवर पूर्वीसारखीच माया करायला बसली.