मारायची राहिलेली पेटी

थोरल्याने डागवाल्याचा उजवा पंजा शेगड्याच्या जबड्यात कोंबला आणि दांडा अर्धा फेरा फिरवला. काम करताना लोखंड घट्ट धरून ठेवणारी, टेबलाला ठोकलेली ती पकड. आज तिच्यात माणसाची चार बोटं होती. डागवाला ओरडला नाही. त्याने नुसता श्वास आत ओढला, आणि चष्मा नाकावरून घसरून टेबलावर पडला.

भर दुपारी डागवाल्याच्या बॅटरी-दुरुस्तीच्या दुकानाला आतून कडी होती, आणि ती धाकट्याने लावली होती. थोरला म्हणाला, “लाव,” आणि याने लावली. चौतीस वर्षांचा बाप्या, दोन मुलींचा बाप, पण भावाने डोळे वटारले की याची अजून पाचावर धारण बसायची.

“चौसष्ट,” थोरला म्हणाला. “चौसष्ट टक्के दाखवत होती तुझी पेटी. आणि फटकन काळी झाली. माझा बाप निळा पडला रे, निळा!”

पेटी म्हणजे हातात धरून नेता येणारी मोठी बॅटरी. वीज गेली की बाबांचं ऑक्सिजनचं मशीन तिच्यावर चालायचं, आणि किती टक्के उरली तो आकडा वरच्या काचेत दिसायचा. खाणीत चाळीस वर्षं दगडाची धूळ खाऊन बाबांच्या छातीचं भुस्काट झालेलं. आज पहाटेच्या वादळाने विजेचे खांब आडवे केले, नदीपलीकडच्या इस्पितळाचा रस्ता झाडांनी अडवला, आणि त्या घराचा सगळा जीव त्या आकड्यावर टांगला गेला. आज सकाळी आकडा चौसष्टवर असतानाच मशीन थांबलं. तेव्हापासून आई बाबांच्या तोंडाला रबरी फुगा लावून हाताने दाबत होती. एक, दोन, तीन, दाब. एक, दोन, तीन, दाब. सत्तरीतल्या बाईचे हात, ते किती वेळ पुरणार?

“माझं ऐका,” डागवाला कसाबसा म्हणाला. “पेटीत दोष नाही. मी नवे सेल घातले होते. नव्या सेलवर पेटी एकदा पूर्ण मारावी लागते. नाही तर जुन्या सेलच्या हिशेबाने खोटा आकडा दाखवत राहते, अर्धवट भरली तरी शंभर म्हणते. हे मी सांगितलं होतं. ह्यालाच सांगितलं होतं!”

त्याने मोकळा हात धाकट्याकडे केला. थोरल्याने मान वळवली.

“काय रे? सांगितलं होतं यानं?”

सांगितलं होतं. अगदी शब्दाला शब्द धाकट्याच्या कानात होता. दोन महिन्यांपूर्वी पेटी हातात देताना डागवाला म्हणाला होता, “घरी नेलीत की दिवा लावून ठेवा आणि एकदा पूर्ण मरू द्या. मरेपर्यंत हात लावू नका. मेली की मग काठोकाठ भरा. तेव्हा कुठे तिला आपला दम कळतो.” पेटी शून्यापर्यंत रिकामी करणं म्हणजे ‘मारणं’, ही पेट्या दुरुस्त करणाऱ्यांची बोलीच आहे, त्यात वावगं काही नाही. पण त्या घरात तो शब्द बंद होता. फोन बंद पडला तरी आई ‘झोपला’ म्हणायची. उंदीरसुद्धा त्या घरात मरत नव्हता, ‘सापडत’ होता. तिथे जाऊन, खाटेवर धापा टाकणाऱ्या बापासमोर, याने म्हणायचं की ही एकदा पूर्ण मरू द्यायची आहे? धाकट्याची जीभ रेटली नाही. पेटीला त्याने कधी ऐंशीच्या खाली जाऊ दिलं नाही. रोज भरत राहिला, रोज पुसत राहिला, आणि थोरल्याने विचारलं तेव्हा म्हणाला, काही करायचं नाही, तयार आहे.

आता कुणी म्हणेल, एवढं साधं बोलायला काय झालं होतं? त्याने बाबा खाटेला लागल्यापासूनचे आठ महिने त्या घरात राहून बघावं.

“बोल की!” थोरला खेकसला.

“नाही दादा,” धाकटा म्हणाला. “मला काही नाही सांगितलं.”

थोरल्याने दांडा पूर्ण फिरवला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला, आणि लगेच दुसरा. या खेपेला डागवाला ओरडला. गुडघे मोडून तो खाली गेला, पण हात वरच अडकलेला, त्यामुळे धड खाली बसताही येईना.  

“आता चांगली पेटी काढ,” थोरला म्हणाला आणि दांडा उलटा फिरवला.

फळीवर दोन पेट्या होत्या, छतावरच्या सौर पत्र्यांवर भरलेल्या. एकीवर आकडा शंभर, दुसरीवर अडतीस. डागवाल्याने चुरलेला हात पोटाशी धरला होता. शर्ट लाल होत चालला होता.

“अडतीसची न्या,” तो म्हणाला. “शंभरची नका नेऊ. ती अजून मारलेली नाही. तिचे शंभर खोटे आहेत. अडतीसची मारलेली आहे, ती…”

“अजून मरणाचीच भाषा?” थोरल्याचं पित्त खवळलं. “माझा बाप तिकडं शेवटच्या श्वासाला लागलाय, आणि तू मला उरलंसुरलं देतोस? शंभर कुणासाठी ठेवलीस रे?”

त्याने अडतीसची पेटी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि भिंतीवर फेकली. खाणीत काम करणारा माणूस तो, त्याला वीस किलो म्हणजे काय? पेटी फुटली. तिच्यावर त्याने कोपऱ्यातली पहार घातली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आतून फुसफुसत पांढरा धूर निघाला आणि दुकानभर जळका वास पसरला. डागवाल्याने मध्ये पडायला पाहिलं, तर पहारीचं बोथट टोक त्याच्या बरगडीत बसलं. तो भिंतीला टेकला आणि धाकट्याकडे बघत राहिला.  बोल, एवढंच त्या बघण्यात होतं.

 धाकट्याने शंभरच्या पेटीची एक मूठ धरली, थोरल्याने दुसरी, आणि दोघे भाऊ पाणी भरून आणल्यासारखे पेटी मध्ये धरून घरी आले.

मशीन सुरू झालं. बाबांच्या ओठांवर रंग परत आला. आईने फुगा बाजूला ठेवला आणि हात मांडीवर उताणे टाकले. मनगटं सुजून पोळीच्या लाटण्याएवढी झाली होती. “शंभर,” ती म्हणाली, आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला. थोरल्याने बाबांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं, कपाळावर हात ठेवला. पोरासारखा हसला तो. “शंभर आहेत बाबा. संध्याकाळपर्यंत तार जोडतील. आता घाबरायचं नाही.”

धाकटा पेटीसमोर उकिडवा बसला. नव्व्याण्णव. अठ्ठ्याण्णव. डागवाला खोटं बोलला असेल, तो मनाशी म्हणाला. चांगला माल दडवायचा असेल त्याला. लोक काय वाटेल ते सांगतात. पंच्याण्णव. इतका वेळ चालली म्हणजे खरीच असेल. आपण बोललो असतो तर उगाच आपली हाडं मोडली असती. त्र्याण्णव. स्वतःची समजूत घालण्यात माणूस किती हुशार असतो! एक्क्याण्णववर काच काळी झाली आणि मशीनची घरघर थांबली.

आई दचकून उठली आणि फुगा शोधू लागली. थोरल्याने पेटीला लाथ घातली, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. “शंभर होते! मी बघितले ना! शंभर होते की!”

“दादा,” धाकटा म्हणाला. “त्याने सांगितलं होतं.”

“काय?”

“मला सांगितलं होतं. आधीच्या पेटीच्या वेळी. एकदा पूर्ण मरू द्यायची असते. नाही तर आकडा खोटा राहतो. मी… घरात तो शब्द कसा काढू? मी नाही काढला.”

थोरल्याला कळायला जरा वेळ लागला. मग पहिला ठोसा धाकट्याच्या कानाखाली बसला, दुसरा नाकावर. तो पडला तर थोरल्याने केसांना धरून उभा केला आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. “त्याची बोटं मोडली मी! तुझ्या शब्दावर मोडली! ती दुसरी पेटी फोडली मी, ह्या हातांनी!” प्रत्येक वाक्याला एक ठोसा. धाकट्याने हात वर केला नाही. मार खाताना त्याला पहिल्यांदाच हलकं वाटत होतं, आणि त्याची त्याला लाजही वाटत होती.

“अरे, मारामाऱ्या मागाहून करा!” आई किंचाळली. तिच्या बोटांतून फुगा सुटत होता. “माझे हात चालत नाहीत रे! कुणीतरी धरा!”

थोरला झेपावून तिथे बसला आणि फुगा दाबू लागला. धाकटा धावत सुटला.

दुकानाचं दार सताड उघडं होतं. डागवाल्याने हाताला फडकं गुंडाळलं होतं आणि डाव्या हाताने तो धुमसत्या पेटीवर वाळू टाकत होता.

“तुम्ही सांगितलं होतं,” धाकटा दारातूनच म्हणाला. “मी खोटं बोललो. दादाला सांगितलंय आता. शंभरची बंद पडली.”

डागवाल्याने वाळूचं घमेलं खाली ठेवलं. टेबलावरचा लांब पाना डाव्या हातात घेतला, सावकाश जवळ आला आणि धाकट्याच्या तोंडावर घातला. दोन दात फरशीवर पडले. दुसऱ्यांदा त्याने पाना उगारला, धाकट्याने डोळे मिटले, पण पाना खाली आला नाही.

“टेबलाखाली माझी स्वतःची आहे,” डागवाला धापा टाकत म्हणाला. “एकवीस दाखवते. एकवीस म्हणजे एकवीस. बाबांच्या मशीनवर पाऊण तास जाईल.”

“आणि मग?”

“मग काय मी देव आहे? उचल आणि पळ!”

धाकटा पळाला. तोंडातलं रक्त पेटीवर गळत होतं. पडलेला खांब त्याने पोटावर सरपटत ओलांडला, गुडघे फुटले, पण पेटी आपटू दिली नाही.

आई दारात उभी होती आणि तिचे हात मोकळे होते.

“मघाच गेले,” ती म्हणाली. “त्याला सांगते आहे. तो ऐकत नाही.”

आत थोरला फुगा दाबत होता. एक, दोन, तीन, दाब. बाबांचे डोळे अर्धवट उघडे होते. छाती वर येत होती ती फक्त त्याच्या हाताने. “लाव!” तो ओरडला. “बघत काय राहिलास? लाव लवकर!”

धाकट्याने वायर जोडली. मशीन घरघरलं. नळीतून वारा वाहू लागला.

बंद करायला कुणीच उठलं नाही. आकडा वीस झाला, एकोणीस झाला. शेजारी आले, चपला बाहेर काढून भिंतीशी बसले, आणि थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवायची कुणाची छाती झाली नाही. दहा. सहा. पाऊण तास तो दाबत राहिला, घामाने निथळत, आकड्यावर नजर लावून. दोन झाले, एक झाला. शून्यावर मशीन थांबलं, तेव्हा त्याने फुगा सोडला.