सहा नंबरचा माऊस

सरकवलं तर सरकतो, नाही तर पडून राहतो, असा मी एक जुना माऊस आहे, मित्रांनो. माझ्या पोटात रबराची गोळी असायची. आताच्या माऊसच्या पोटात लाल दिवा असतो, म्हणून ते मला हसतात. हसोत बिचारे. त्यांच्याइतकं चपळ मला कधीच जमलं नाही, पण हात मात्र मला ओळखता येतात. त्यातला एक हात मी जन्मात विसरणार नाही.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला. २००२ साली खोक्यातून मी कसबा बावड्यात उतरलो, बाळासोंच्या नेट कॅफेत. तिथं आठ कॉम्प्युटर होते, मला सहावा मिळाला. बाळासो म्हणजे जुने पैलवान, कान मोडलेले, मानेचा पत्ता नाही. खांदा निखळून कुस्ती सुटली तेव्हा भावाच्या आग्रहानं त्यांनी हे दुकान टाकलं. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण दर सोमवारी माझी गोळी काढून, आतला मळ नखानं खरवडून, रुमालाला पुसून ती परत बसवत. इतकी काळजी पुढं माझी कुणी घेतली नाही.

संध्याकाळी आठही कॉम्प्युटर वायरींनी जोडून बंदुकांचा खेळ चाले. चौघं या बाजूला, चौघं त्या. खेळायला येणारे बाळासोंना वस्ताद म्हणत. हे नाव त्यांनी जरा जास्तच मनावर घेतलं आणि कुस्तीच्या मैदानात तोलामोलाच्या पैलवानांची लावतात तशी जोड लावायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात त्यांनी काय करावं? अंगापिंडानं जोड लावली! भरल्या अंगाचा म्हणून सहा नंबरवरच्या कृष्णातला आदर्शसमोर बसवलं. आदर्श कॅफेतला सगळ्यात तरबेज गडी. कृष्णात खेळात दहा वेळा उठला आणि दहा वेळा पडला. बाळासो बराच वेळ मागं उभे राहून बघत होते.

मग म्हणाले, “आरं, वजन दंडात न्हाय, हितं मनगटात हाय.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाटी घेतली. कोण किती वेळ टिकतो हे खडूनं लिहून त्यांनी दोन गट पाडले. हलके पाच वाजता, भारी सहाला. माझा कृष्णात हलक्यांत गेला.

हो, माझाच म्हणतो मी त्याला. तो रोज सहा नंबरवरच बसायचा. जवळच्या डेअरीत दुधाचं फॅट मोजायचं त्याचं काम, वय तिशीच्या आसपास. बोलताना तो फार अडखळायचा. पहिलं अक्षर ओठांवर अडकायचं, आणि समोरचा माणूस दया म्हणून त्याचा शब्द स्वतःच पुरा करून टाकायचा. त्यामुळं त्यानं बोलणंच कमी केलं होतं. एकटे बाळासो त्याचा शब्द पुरा होईपर्यंत थांबत, मागं कितीही गिऱ्हाईक खोळंबलं तरी.

त्याचा हात मंद होता. शत्रू दिसल्यावर मी सरकेपर्यंत एक श्वास जायचा. पण पाचच्या खेळात सगळेच तसले. कारखान्यातून निवृत्त झालेले जोतीरामतात्या, बी.कॉम.ची निशा, आणखी पाच जण. तिथं कृष्णात जगायचा, लपायचा, कधी जिंकायचा. आणि एके दिवशी त्याच्या बोटांनी मला घट्ट धरलं आणि तो ओरडला, “तात्या, मागं बघा, जिन्यावर हाय त्यो!”

एकही अक्षर अडकलं नाही. त्याला स्वतःलाच ते मागाहून कळलं असावं, कारण डाव संपल्यावर त्यानं तेच वाक्य हळूच पुन्हा म्हणून पाहिलं. मी किती आनंदलो म्हणून सांगू! त्यानंतर रोज पाच ते सहा तो घडाघडा बोलायचा. डेअरीतही दोन-चार वाक्यं सरळ यायला लागली आहेत, असं त्यानं बाळासोंना सांगितलं, तेही न अडखळता.

चार वर्षं असं चाललं. मग भारी गड्यांनी कुरकूर सुरू केली. प्रत्येक डाव घासून होतो, सुखानं एक जिंकता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

“वस्ताद, रोज रोज किती झटायचं?” आदर्श म्हणाला. “जरा हलकं गडी द्या की. न्हायतर आम्ही दुसरीकडं जातो.”

बाळासो घाबरले. पाटी पुसली. कुणीही कुणाशीही खेळा, म्हणाले.

त्या खेळाचा नियम असा, की डावात पडलेल्यानं डाव संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. कृष्णात पहिल्याच मिनिटाला पडे. मग माझ्यावरचा हात उचलून मांडीवर ठेवी. पडलेला माणूस कुणाला काय सांगणार? दोन महिने तो तसा येत राहिला, आणि तेवढ्या दिवसांत त्याचा आवाज मी ऐकला नाही. नंतर तो यायचाच बंद झाला. मला फार एकटं वाटलं, मित्रांनो.

कृष्णात गेल्यावर तात्या सगळ्यात कच्चे ठरले. तेही गेले. मग निशा. मग सयाजी, जो एके काळी भारी गटात बसायचा. शेवटी आदर्श आणि त्याचे तीन मित्र उरले, आणि त्यांच्यातही कुणीतरी एक शेवटचा होताच. २००८ साली कॅफेला कुलूप लागलं. तोवर आदळआपटीत माझी गोळी हरवली होती.

सामान काढताना बाळासोंनी कृष्णातला निरोप धाडला. तो आला, आणि खोक्यातून त्यानं मला उचललं. तोच हात.

“जोड मी मोडली, कृष्णात,” बाळासो म्हणाले. “चूक माझी हाय.”

कृष्णातनं तोंड उघडलं. “ऱ्हा... ऱ्हा...”

बाळासोंनी वाट पाहिली. पण त्यांचे डोळे भरून आले होते, त्यांना ते सोसवेना.

“ऱ्हाऊ दे म्हणतोस न्हवं,” ते म्हणाले.

कृष्णातला तेच म्हणायचं होतं की दुसरं काही, ते कुणालाच कळलं नाही. माझ्यावरची त्याची बोटं मात्र सैल पडली.

मला त्यानं सोबत नेलं; आता मी त्याच्या डेअरीच्या खिडकीत चिठ्ठ्यांवर वजन म्हणून असतो. हल्ली म्हणे परगावच्या माणसांशी असा खेळ खेळता येतो, आणि जोड यंत्रच लावतं. तिथंही भारी गडी कुरकुरतात म्हणे. मित्रांनो, तुम्ही भारी असाल तर मला आनंदच आहे. पण तुमच्यासमोर चटकन पडणाऱ्याला त्याच्या तोलाचा गडी मिळू द्या. तुमचा एक सोपा डाव जातो, त्याचं काय जातं ते तुम्हाला दिसत नाही.

काल दूध घालायला आलेल्या धोंडुबाईंनी विचारलं, फॅट किती लागलं. कृष्णातचे ओठ हलले, आणि थांबले. मग त्यानं मला जरा बाजूला सरकवलं आणि आकडा लिहिलेली चिठ्ठी पुढं केली.