आठच्या खाली

“आठच्या खाली आण, पोरी. मुलाचे आठच हायेत,” लग्नाच्या बायोडेटातल्या सीजीपीएवर बोट ठेवून मालोजीमामा म्हणाले. “तुझे आठ पॉइंट चार बघून त्यांच्या घरी चूल पेटायची न्हाई.”

“मग त्यांना म्हणावं, गॅस घ्या,” विजयश्री म्हणाली.

कोणी हसले नाही. दत्तोबा भिंतीला टेकून बसले होते. चाकणच्या कारखान्यात पत्रा दाबायची प्रेस चालवून त्यांनी मुलीला इंजिनियर केले होते. तिचे आठ पॉइंट चार म्हणजे नेमके काय, हे विचारायचा मात्र त्यांना कायम संकोच वाटला होता.

“दुसरा आकडा लिव्ह, त्यात काय?”

“आकडा आभाळातून पडत नाही, मामा. प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात. मिळालेला पॉइंट गुणिले क्रेडिट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. सांगा, कुठल्या विषयाला शून्य धरू?”

ती चिडून बोलली होती. दत्तोबांना ते खरेच वाटले.

“एखादा सोपा धर की, बाळा,” ते हळूच म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिले. “सोपा एका क्रेडिटचा असतो, आप्पा. तो गेला तरी आकडा आठच्या वरच राहतो. खाली यायचं तर अवघडच घालवावा लागतो.” तिने मोबाइलवर बोटे चालवली. “प्रोजेक्ट घालवू? दहा क्रेडिट, दहापैकी दहा. त्याला शून्य धरलं की पावणेआठ.”

प्रेसमध्ये कामगाराचा हात सापडू नये म्हणून बसवायच्या जाळीचा तो प्रोजेक्ट. मापे घ्यायला दत्तोबांनीच तिला साहेबांच्या हातापाया पडून कारखान्यात नेले होते.

“झ्याक! पावणेआठ,” मामा म्हणाले.

विजयश्री वडिलांकडे बघत राहिली. दत्तोबांनी सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली.

“मामा म्हणत्यात तसं कर.”

तिने केले.

संध्याकाळी रात्रपाळीला जाताना कंपनीच्या बसमध्ये गणराज शेजारी येऊन बसला. तो त्या मुलाच्याच गावचा.

“काय राव, पोरगी इंजिनियर झाली म्हणं! किती पडले?”

आठ पॉइंट चारचा हिशेब दत्तोबांना आजच समजला होता. कुणालाही नीट समजावून सांगता आला असता.

“पावणेआठ.”

“बरे हायेत की. पोरीच्या मानानं.”

“व्हय,” दत्तोबा म्हणाले. कारखाना अजून बराच लांब होता, तरी ते डब्याची पिशवी घेऊन उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले.